फणसाची फळी आणि शाळेचा एकच नियम

मी एक जुनी फणसाची फळी आहे. मित्रांनो, फणस म्हटल्यावर तुम्हांला लगेच गरे आठवतील, पण माझ्या वाट्याला गोड असं फारसं काही आलेलं नाही. माझा जन्मच मारातून झाला. आमच्या खैरकोंड गावच्या उतारावर माझं झाड उभं होतं. एका सकाळी त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाड पडली आणि दुपारपर्यंत पडतच राहिली. मग करवतीने मला उभं चिरलं. शिवा सुताराने रंधा मारमारून माझं अंग सोललं आणि पटाशीवर हातोडी हाणत माझ्यात अक्षरं खोदली. शेवटी दोन्ही टोकांना कड्या ठोकून मला शाळेच्या दाराशेजारी भिंतीवर टांगलं. एवढा मार खाऊन माझ्या अंगावर काय लिहिलं गेलं असेल? ‘या शाळेत कोणी कोणावर हात उगारायचा नाही.’ मला त्याच दिवशी हसू आलं होतं.

ही ओळ कशी आली तेही ऐका. आमचं गाव मालगुंडच्या अलीकडे, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहे. गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. दोन्हीकडचे निम्मे पुरुष मुंबईत असतात आणि उरलेले एकमेकांशी भांडायला गावात राहतात. शाळा बांधायची ठरली तेव्हा दोन वाड्यांच्या मधोमध कातळावर बांधली, म्हणजे कोणाच्या पोरांना जास्त चालायला नको. भिंती उभ्या राहिल्या. मग शाळेचं ध्येय काय लिहायचं, यावर सभा भरली. वरच्या वाडीचे पुढारी म्हणाले, ‘संस्कार’ लिहा. खालच्या वाडीचे म्हणाले, ‘शिस्त’ लिहा. संस्कार मोठे की शिस्त मोठी, यावर आवाज चढले, जुनी भांडणं निघाली, आणि शिस्तवाल्यांनी संस्कारवाल्यांच्या कानाखाली आवाज काढला. मग काय विचारता! नव्या बाकांचे पाय मोडेपर्यंत मारामारी झाली. मी तेव्हा कोऱ्या अंगाने भिंतीला टेकून उभी होते, दोन लाथा मलाही बसल्या.

शाळेसाठी जमीन देणारे आत्माराम गुरुजी कोपऱ्यात बसून हे बघत होते. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. लहानपणी एका मास्तराने पाढा चुकला म्हणून त्यांच्या कानावर अशी थप्पड ठेवून दिली होती की त्या कानातून रक्त आलं आणि मग आवाज कायमचा गेला. त्यांनी शाळा सोडली, जहाजावर नोकरी धरली, वाचायला लिहायला शिकले ते एका बुजुर्ग खलाशाकडून. त्या खलाशाने कधी बोट लावलं नाही, असं ते सांगत. गावी परतल्यावर तसंच ते पोरांना शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. सभेतली मारामारी दमून थांबली तेव्हा गुरुजी उठले आणि शिवाला म्हणाले, “शिवा, ध्येय ठरलं. कोर.” मग माझ्यावर ती ओळ कोरली गेली. सुजलेल्या गालांचे दोन्ही पुढारी गप्प बसले, कारण आता नको म्हणायला तोंड कोणाला होतं?

पण नुसती ओळ कोरून माणसं थोडीच सुधारतात! पोरं पहिल्याच दिवशी एकमेकांना बुकलायला लागली. गुरुजी मात्र हुशार. राग येऊ नये, असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, राग येणारच, पण रागाच्या वेळी हात रिकामे राहता कामा नयेत. म्हणून त्यांनी गावातलीच एक रीत शाळेत आणली. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, तुम्हांला ठाऊक असेल. एकजण हात जोडून देवापुढे गावाचं सुखदुःख मोठ्याने सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. गुरुजींनी ठरवलं की ज्याला राग आला असेल, त्याने माझ्याखाली हात जोडून गाऱ्हाणं घालायचं. सगळ्या शाळेने व्हय महाराजा म्हणायचं. ते म्हणजे ‘तुझं बरोबर आहे’ नव्हे. ते म्हणजे ‘आम्ही ऐकलं’.

माझ्याखालचं पहिलं गाऱ्हाणं मला अजून आठवतं. खालच्या वाडीचा रितेश, अंगाने किरकोळ, नाक सुरसुर करत उभा राहिला. समोर वरच्या वाडीचा दीपक. दोघांचे गाल ओरबाडलेले.

“म्हाराजा, ह्या दीपक्यानं माज्या पाटीवर मुद्दाम पाय दिलान!” रितेश ओरडला.

“व्हय महाराजा!” शाळा ओरडली.

“माज्या आवशीनं नवी घेतली व्हती!”

“व्हय महाराजा!”

तिसऱ्या वाक्याला त्याचा आवाज उतरला आणि चौथं त्याला सुचेना. दीपकने आपली पाटी त्याच्या पुढ्यात ठेवली. पुढे ते दोघं सातवीपर्यंत एकाच बाकावर बसले, कैऱ्या चोरल्या तर दोघांनी मिळून आणि पकडले गेले तेही मिळून. मला वाटलं, जमलं बरं का! माझ्यावरची ओळ खरी व्हायला लागली आहे.

मध्ये एक नवे सर आले. त्यांना आमची रीत म्हणजे पोरखेळ वाटला. त्यांनी माझ्यादेखत एका पोराच्या पाठीवर फोक मोडला. गुरुजींनी त्या पोराला गाऱ्हाणं घालायला लावलं आणि सरांना समोर उभं केलं. पोर रडत रडत बोलत होतं, शाळा व्हय महाराजा म्हणत होती आणि सरांच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या. त्यांनी पुढे बदली करून घेतली.

गुरुजी गेले आणि माझे दिवस फिरले. कोणीतरी शहरातून मोठा रंगीत फ्लेक्स आणला. त्यावर उगवता सूर्य, उघडं पुस्तक आणि मूल्यांची लांबच लांब रांग. मी अडचण होते, मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभं केलं. कुंभारीण माशीने माझ्या ‘हात’ या शब्दावर मातीचं घर बांधलं. पोरांच्या भांडणात कोणी गाऱ्हाणं घालेना. दगड मात्र पुष्कळ चालले. एकदा वादळ आलं आणि त्या फ्लेक्सच्या चिंध्या करून गेलं. मला बरं वाटलं, लपवून काय उपयोग?

त्यानंतर रत्नागिरीच्या मांडवीहून योगिनीबाई मुख्याध्यापक म्हणून आल्या. शाळेला लागूनच्या खोलीत राहू लागल्या. त्यांनी व्हरांडा झाडताना मला पाहिलं, पदर खोचला, कुंभारणीचं घर उलथन्याने काढलं, काथ्याने घासून मला पुसलं आणि पुन्हा दाराशेजारी टांगलं. ओळ वाचून त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या सोनूबाईंना विचारलं, “हे काय हो?” सोनूबाई म्हणजे रितेशची आई. पोरांची खिचडी त्याच करत. त्यांनी हातातला डाव खाली ठेवून गाऱ्हाण्याची सगळी रीत बाईंना सांगितली. आठवड्याभरात शाळेत पुन्हा व्हय महाराजा घुमायला लागलं.

तोवर रितेश मुंबईत कुठल्याशा गोदामात कामाला लागला होता. दीपक गावातच होता, आंब्याची झाडं राखायचा, शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता. त्याची मुलगी सानवी सहावीत. पट घटत चालला होता. दोन्ही वाड्यांची पोरं मिळूनच शाळा कशीबशी उभी होती. एका वाडीने पोरं काढली असती तर दाराला कुलूप लागलं असतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं आणि सानवीलाही.

आता शिमग्याकडे येते. मित्रांनो, इथून पुढचं सांगताना माझ्या अंगावर काटा येतो, पण सांगितलंच पाहिजे.

आमच्याकडे शिमग्याच्या होमासाठी लाकूड चोरायची चाल आहे. त्या दिवसांत लाकूड पळवलं तर ती चोरी धरत नाहीत. ज्याचं गेलं त्याने पोटभर शिव्या द्यायच्या, पळवणाऱ्यांनी बोंब ठोकायची, आणि सगळ्यांनी हसायचं. फक्त एक नेम आहे. मालकाला आपलं लाकूड होमात पडायच्या आधी गाठता आलं तर ते परत द्यायचं. एकदा आगीत पडलं की मागायचं नाही. त्या वर्षी पालखी आधी कोणत्या वाडीत नाचवायची, यावरून दोन्ही वाड्या आधीच धुमसत होत्या. रितेश मुंबईहून चार दोस्तांना घेऊन आला होता. त्यांनी दुसऱ्या वाडीतलं काही उचललं असतं तर लगेच भांडण पेटलं असतं. म्हणून त्यांनी विचार केला की शाळेचं काहीतरी न्यावं. शाळा दोन्ही वाड्यांची, म्हणजे कोणाचीच नाही, शिव्या द्यायला कोणी येणारच नाही. केवढी ही चूक! जे सगळ्यांचं असतं ते कोणाचंच नसतं, असं माणसांना का वाटतं, हे मला अजून कळलेलं नाही. होमाच्या आदल्या संध्याकाळी रितेशनेच मला भिंतीवरून उपसलं. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते की अरे, तुझी पाटी आठव!

आमचा होम सकाळी लागतो. सहाणेसमोर, म्हणजे पालखी बसवतात त्या कट्ट्यासमोर, गवत आणि लाकडं रचली होती. आग नुकतीच धरली होती. ढोल वाजत होते. रितेशने मला डोक्यावर धरून नाचवलं आणि त्याचे दोस्त बोंबलायला लागले. तेवढ्यात गर्दीतून दीपक धावत आला. त्याच्यामागे सानवी.

“ठेव ती खाली, रितेश! गुरुजींची फळी हाय!”

“शिमगो हाय, दीपक्या. शिव्या घाल आनि गप बस!”

“फळी शाळेची हाय. होमात पडायच्या आदी मागतोय. नेम हाय!”

आता इथे द्यायला हवी होती की नाही? द्यायला हवी होती. पण वरच्या वाडीचे चारजण दीपकच्या मागे येऊन उभे राहिले आणि खालच्या वाडीचे रितेशच्या. कोणीतरी गुरुजींच्या जातीवरून बोललं. कोणीतरी कोणाच्या आईवरून. दीपकने मला एका टोकाला धरलं, रितेशने दुसऱ्या. दोघांनी ओढलं. एकदा, दोनदा. मग दीपकचा हात निसटला, तो गुडघ्यावर आला, आणि खालच्या वाडीची पोरं हसली की वरच्या वाडीची, कोण जाणे. कोणीतरी रितेशला मागून धक्का दिला, त्याच्या पाठीत लाथ बसली, आणि त्याने वळून बघितलंसुद्धा नाही. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि दीपकच्या डोक्यात घातलं.

मित्रांनो, कुऱ्हाडीचा घाव मी सोसला आहे. तो मला लागला होता. हा घाव मी केला. हाडाचा आवाज मी माझ्या अंगात ऐकला. दीपक आडवा पडला आणि त्याच्या कानातून रक्त आलं. माझ्यावरची ओळ रक्ताने भरली. ढोल थांबले. सानवीने बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती “बाबा, बाबा” म्हणत राहिली. दीपक डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होता, पण ओळखत नव्हता.

मग जे पेटलं ते होमापेक्षा मोठं होतं. जळती लाकडं उचलून माणसं एकमेकांना मारायला लागली. दीपकला जीपमध्ये घालून रत्नागिरीला नेलं. जीपमध्ये सानवीला जागा झाली नाही. रितेश पळाला. मी त्याच्या हातातच होते, मला सोडायचं त्याला भान नव्हतं. आणि तो पळून कुठे गेला असेल? घरी नाही, जंगलात नाही. तो धापा टाकत शाळेत आला आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांसमोर उभा राहून मला परत अडकवायला लागला. कडी काही खिळ्यात बसेना.

योगिनीबाई बाहेर आल्या. त्यांनी मला बघितलं, त्याला बघितलं.

“बाई, मी मारला त्याला,” रितेश म्हणाला. “दीपक्याला मारला मी.”

बाईंनी मला त्याच्या हातून घेतलं, त्याला वर्गात ढकललं, बाहेरून कडी लावली, पोलिसांना फोन केला. गाडी यायला वेळ लागणार होता. वरच्या वाडीची माणसं त्याआधीच आली. हातांत दांडे, कोयत्या, दगड. कौलांवर दगडांचा पाऊस पडला. खिडकीची काच फुटून आत गेली आणि आतून रितेशची किंकाळी आली. बाई मला छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या. एक दगड माझ्या कडेवर बसला आणि मी टोकाला तडकले. दुसरा बाईंच्या भुवईवर बसला. रक्त त्यांच्या डोळ्यात उतरलं, पण त्या हलल्या नाहीत. दुसऱ्या बाजूने खालच्या वाडीची माणसं रितेशला सोडवायला धावत आली. त्यांच्या हातांतही तेच. आता मुडदे पडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“भायेर काडा त्याला!” वरच्या वाडीचा एकजण ओरडला. त्याने सानवीला पुढे आणलं. तिचा फ्रॉक बापाच्या रक्ताने भिजला होता. तिच्या हातात मुठीएवढा जांभा दगड होता. “टाक बाय, पयला दगड तुजा. मंग आमी बघतो.”

सानवीने हात वर केला. तिचा नेम दारावर होता आणि दारात बाई होत्या. बाईंच्या हातात मी होते. माझ्या कडेला तिच्या बापाचे केस चिकटलेले तिला दिसले असतील. ओळही दिसली असेल. तिचा हात वरच राहिला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. मग तिने काय केलं? हातातला दगड टाकला नाही. तो दोन तळव्यांच्या मध्ये तसाच दाबून तिने हात जोडले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा!” ती किंचाळली. “ह्या रितेश्यानं माज्या बापसाचं डोकं फोडलान!”

“व्हय महाराजा,” योगिनीबाई म्हणाल्या. एकट्याच.

“माजा बापूस शाळेची फळी मागत व्हता!”

“व्हय महाराजा.” या वेळी दुसरा आवाज आला. खालच्या वाडीच्या गर्दीतून. तो सोनूबाईंचा होता. मुलगा आत कोंडलेला, बाहेर मारेकरी, आणि ही बाई हात जोडून व्हय महाराजा म्हणत होती.

“माज्या बापसानं मला वळखला नाय!”

“व्हय महाराजा!” आता पोरं म्हणाली, बायका म्हणाल्या. मित्रांनो, आमच्याकडच्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की तोंडातून उत्तर येतंच. लहानपणापासूनची सवय ती. दांडा धरलेली माणसंही पुटपुटली. आणि गाऱ्हाण्याला उत्तर देताना हात जोडायची सवय, म्हणून काहींनी दांडे काखेत धरले.

“मला ह्याला मारायचाय! आत्ता मारायचाय!”

“व्हय महाराजा!”

“पन मी मारला तर उद्या ह्याची माणसं आमच्या दारात दगड घेऊन येतील. मंग आमच्यातलं कोन द्यायचं त्येंना? माजी आय देऊ? माजा लहान भाऊस देऊ? ते आदी ठरवा. कोनाला द्यायचं ते सांगा, मंगच मी दगड टाकते!”

कोणीही व्हय महाराजा म्हणालं नाही.

ती थांबली होती, उत्तराची वाट बघत. वरच्या वाडीच्या त्या माणसाने दांडा खाली टेकवला. सानवीने पुढे येऊन तो दगड दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिथेच बसली. सोनूबाई आल्या आणि थोडं अंतर ठेवून तिच्या शेजारी बसल्या. पोलिसांची गाडी आली तेव्हा बाईंनी कडी काढली आणि रितेश स्वतःहून चालत बाहेर आला.

पोलिसांनी त्याला नेलं आणि मलाही. माझ्या कडीला चिठ्ठी बांधून मला मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. तिथे कोयत्या होत्या, लोखंडी गज होते, एक तुटकी सायकलची चेन होती. एका कोयतीने मला विचारलं, “तू कुणाला लागलीस?” ‘या शाळेत कोणी कोणावर हात उगारायचा नाही’, असं अंगावर कोरलेली मी, हत्यार म्हणून तिथे पडले होते. कुंभारणीने माझ्यावर घर बांधलं तेव्हा मला एवढी लाज वाटली नव्हती. बाईंनी खेटे घालून, जामीनकी लिहून देऊन मला सोडवून आणलं. लागेल तेव्हा कोर्टात हजर करायचं, या अटीवर.

दीपक वाचला. बरेच दिवस इस्पितळात होता. पण त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. जिभेलाही थोडा जडपणा आला. आंब्याच्या झाडावर चढणारा माणूस घराच्या पायरीवर बसून राहू लागला. वरच्या वाडीने ठरवलं की आपली पोरं रिक्षाने दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवायची. “त्या सोनूबाईच्या हातचं आमची पोरं खानार नायत,” असं ते उघड म्हणत होते. सोनूबाईंनी बाईंकडे येऊन काम सोडते म्हणून सांगितलं. बाईंनी त्यांना सोडलं नाही. पण शाळा आता बंद पडणार, हे सगळे धरून चालले होते.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एक सुतार आला. मला भिंतीवरून उतरवून तो म्हणाला, “बाई, रंधा मारून डाग काढतो. अक्षरं परत कोरून देतो.” बाईंनी नको म्हटलं. ज्याचं रक्त आहे त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही, असं त्या म्हणाल्या. डाग तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. खालच्या वाडीची मोजकी पोरं आली. बाई दारात उभ्या राहून वरच्या वाटेकडे बघत होत्या. त्यांची भुवई अजून दुभंगलेली दिसत होती. बऱ्याच वेळाने वाटेवर माणसं दिसली. पुढे दीपक, पाय ओढत. त्याला धरून सानवी. मागे वरच्या वाडीची बरीच माणसं, आपापल्या पोरांना घेऊन. ती आत येणार होती की तमाशा बघायला आली होती, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलेलं दिसत नव्हतं.

दीपक माझ्यासमोर उभा राहिला. माझ्यावरचा डाग त्याने बघितला. मला वाटलं, आता हा मला उतरवून आपटणार, आणि मला ते मान्य होतं. पण त्याने डावा हात छातीपाशी आणला. उजवा हात वर येईना. त्याने दोनदा प्रयत्न केला. मग सानवीने आपला हात पुढे केला आणि त्याच्या डाव्या तळव्याला लावला. असे ते हात जोडले गेले.

“म्हाराजा,” तो जड जिभेने म्हणाला, “माजा हात गेला. आता माज्याच्यानं झाडावर चडवत नाय.”

“व्हय महाराजा,” शाळा म्हणाली.

“ज्यानं मारलान तो माज्याच बाकावर बसायचा. माजा राग गेला नाय. जानार बी नाय. कोर्टात मी साक्ष देनार.”

“व्हय महाराजा.”

“ती फळी तशीच ऱ्हाऊ दे. डाग काडू नका.”

“व्हय महाराजा.”

दीपकने श्वास घेतला. “पन माजी दोनी पोरं ह्याच शाळेत शिकतील. आनि दुपारी सोनूबायच्या हातचंच जेवतील. कोनाला नाय म्हनायचा असेल त्यानं आत्ता माज्या तोंडावर म्हना.”

वरच्या वाडीची माणसं मान खाली घालून उभी होती. मग शाळेच्या मागच्या चुलीपाशी डाव खाली पडल्याचा आवाज झाला आणि एक फाटका आवाज आला.

“व्हय महाराजा.”

तो सोनूबाईंचा होता. त्यानंतर हळूहळू सगळ्यांचे आवाज त्यात मिसळले आणि वरच्या वाडीच्या एका बाईने आपल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं. मागून बाकीची पोरं शिरली.

मित्रांनो, खटला अजून चालू आहे. रितेशला काय शिक्षा व्हायची ती होईल. मला तारखेला कोर्टात नेतात आणि परत आणून टांगतात. माझ्यावरची ओळ खोटी ठरायला एका माणसाचा एक घाव पुरला. ती खरी ठेवायला मात्र सगळ्या शाळेला रोज खपावं लागतं. पण ही शाळा खपते आहे. तुमच्या शाळेच्या भिंतीवरही सत्य, सेवा, संस्कार असं काहीतरी लिहिलेलं असेल. ते धुऊनपुसून चकचकीत ठेवा म्हणून मी तुम्हांला सांगणार नाही. माझ्यावर धूळ बसली तरी मला चालते.

सानवीचा तो जांभा दगड माझ्याखाली कट्ट्यावर अजून आहे. कोणी तो टाकून दिलेला नाही. कधी कधी एखादं पोर रागाने लाल होऊन धावत येतं, तो दगड उचलतं, दोन तळव्यांमध्ये दाबून धरतं आणि ओरडून बोलायला लागतं. तेव्हा तुम्ही जवळपास असलात तर तसेच पुढे निघून जाऊ नका. थांबा, त्याचं सगळं ऐकून घ्या आणि व्हय महाराजा म्हणा. माझी एवढी काळजी घेतलीत तरी पुष्कळ झाली.